अंगठ्याची तार

माउंट एअरीच्या मैदानावर बँजोवाल्यांचे नुसते उजवे हात बघत हिंडलं, तरी कोण काय वाजवणार ते वाद्य पेटीतून निघायच्या आधीच कळतं. अंगठ्याला प्लॅस्टिकची आणि पुढच्या दोन बोटांना पत्र्याची नखी चढवलेली असली, तर गडी ब्लूग्रासवाला. नख्या नाहीत, पण तर्जनीचं किंवा मधल्या बोटाचं एकच नख लांब, जाड आणि जरा जास्तच चकचकीत असलं, तर तो क्लॉहॅमरवाला. ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक सहा फुटी, उन्हाने रापलेला माणूस सांगत होता, की दर तीन आठवड्यांनी तो बायकांच्या नेल सलूनमध्ये जाऊन बसतो आणि एकाच बोटाला अॅक्रिलिक चढवून घेतो. आधी तिथल्या पोरी फिदीफिदी हसायच्या. आता काही न विचारता तेच बोट पुढे ओढतात. शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला हे चोचले मंजूर नव्हते. तो पिंगपाँगचा चेंडू कात्रीने कापतो आणि त्याचा तुकडा सुपरग्लूने नखावर चिकटवतो. एका चेंडूत वर्ष निघतं म्हणे.

यंदा अंकाचा विषय ‘हात’ आहे, तुमच्याकडचं काही सुचतं का, असं संपादकांनी विचारलं होतं. मी नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत राहते. इथून दोन-अडीच तासांवर डोंगर सुरू होतो आणि डोंगरासोबत बँजो. कुंभाराच्या, विणकराच्या, सर्जनच्या हातांवर लिहिणारे पुष्कळ असतील असं धरून मी बँजोवाल्यांचे हात मागून घेतले. त्याला कारण होतं. या वाद्याबद्दलचे जुने कागद लिहिले ते मळ्यांच्या मालकांनी, प्रवाशांनी, खेळ भरवणाऱ्यांनी. वाजवणारे होते गुलाम, आणि त्यांना लिहायला-वाचायला शिकवणं दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत कायद्याने गुन्हा होता. त्यांच्या बाजूची साक्ष कागदावर जवळजवळ नाहीच. ती आहे उजव्या हाताच्या एका हालचालीत, आणि ती हालचाल आजही जून महिन्यात खुर्ची टाकून बघता येते.

एक धून, दहा मिनिटं

माउंट एअरी हे ब्लू रिजच्या पायथ्याचं, व्हर्जिनियाच्या सीमेला टेकलेलं गाव. एका अंगाला ग्रॅनाइटची प्रचंड उघडी खाण, दुसऱ्या अंगाला मोज्यांच्या गिरण्यांच्या जुन्या इमारती. गाव जवळ आलं की गाडीच्या रेडिओवर ७४० एएम लावायचं. डब्ल्यूपीएक्यू हे इथलं केंद्र १९४८ पासून डोंगरातलं संगीत वाजवतंय, आणि शनिवारी तर गावातली माणसं समोर बसून थेट वाजवतात.

जूनच्या पहिल्या आठवडाअखेरीस इथे फिडल-बँजोवाल्यांचा मेळा भरतो. फिडल म्हणजे व्हायोलिनच, बाज वेगळा. मेळ्यात स्टेज असतं, परीक्षक असतात, रोख बक्षिसं असतात. पण आलेल्यांतल्या अर्ध्याअधिक लोकांना त्याचं सोयरसुतक नसतं. त्यांचा मेळा असतो मागच्या मैदानात, तंबू आणि कॅम्परगाड्यांच्या रांगांमधे. ताडपत्रीखाली चार-पाच खुर्च्या गोल मांडल्या की जॅम सुरू. कुणी कुणाला बोलावत नाही आणि कुणी कुणाला हाकलतही नाही. मात्र कुठल्या गोलात बसायचं ते कळावं लागतं.

ब्लूग्रासच्या गोलात पाळी असते. गाण्याचं कडवं झालं की फिडलवाला पुढे सरतो, मग बँजो, मग मँडोलिन. ज्याची पाळी त्याने चमकायचं, बाकीच्यांनी दबून साथ द्यायची. शेजारच्या ओल्ड टाइमच्या, म्हणजे क्लॉहॅमरवाल्यांच्या, गोलात असलं काही नाही. तिथे सगळे एकाच वेळी तीच धून वाजवतात, पुन्हा तीच, पुन्हा तीच. पहिल्या दोन-तीन आवर्तनांत नवखा माणूस धून पकडतो, पुढच्यात चुका काढतो, आणि नंतर धून आपली आपण चालू लागते. दहा मिनिटांनी कुणीतरी एक पाय जमिनीवरून उचलून पुढे धरतो. म्हणजे हे शेवटचं आवर्तन. सगळे एकदम थांबतात. टाळ्या नाहीत, ऐकायला कुणी नसतंच, सगळे वाजवणारे. मग बँजोवाला विचारतो, “अजून एक ए मधे?” हा प्रश्न शिष्टाचाराचा नसून सोयीचा असतो. पट्टी बदलली की फिडलवाल्याचं बऱ्याचदा तसंच भागतं, बँजोवाल्याला मात्र तारा नव्याने लावाव्या लागतात. म्हणून एका पट्टीत बसलेला गोल तास-दीड तास त्याच पट्टीत राहतो. हे न कळून मधेच दुसऱ्या पट्टीतली धून सुचवणाऱ्याकडे सगळे बँजोवाले एकदम बघतात.

चामडं आणि पाच तारा

बँजो हे तारा लावलेलं चर्मवाद्य आहे, इतकं लक्षात ठेवलं की त्याचा आवाज समजतो. लाकडी कडं, त्यावर ताणलेलं चामडं, भोवती दोन डझन हुक आणि नट. पूर्वी वासराचं, बकऱ्याचं, डोंगरात तर जे हाताला लागेल त्या जनावराचं कातडं असायचं. पावसाळी हवेत ते सैल पडे आणि बँजो बसक्या आवाजात बोलू लागे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ड्रमवर प्लॅस्टिकचं पान आलं, ते बँजोनेही घेतलं. घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने चामड्यावर उभी असते, धक्का लागला तर सरकते. तार छेडली की चामडं दणकन बोलतं आणि लगेच गप्प होतं. आस नाही. तुणतुण्याचाही आवाज असाच तुटक असतो, चामड्यामुळेच. स्वर लांबवता येत नाही म्हणून बँजोवाला जागा भरत राहतो. सगळ्या शैलींचं मूळ या भरण्यात आहे.

आणि भरण्याचं हत्यार म्हणजे पाचवी तार. चार तारा दांडीच्या टोकापर्यंत जातात; पाचवी वाटेतच, पाचव्या पडद्यापाशी, कडेच्या खुंटीला थांबते. ती बसते सगळ्यात वर, अंगठ्याशी, खर्जाच्या तारेला लागून. पण आवाजाने सगळ्यात उंच. सतारीला चिकारी असते ना, बाजूच्या खुंट्यांवरची, रागाच्या मधेमधे ठणकणारी, तिचं काम आणि हिचं काम एकच. नेहमीच्या लावणीत खालच्या चार तारा मंद्र पंचम, षड्ज, गंधार, पंचम, आणि अंगठ्याकडची तार सा. डोंगरातल्या उदास गाण्यांसाठी गंधाराची तार चढवून मध्यम करतात. एवढ्या एका बदलाने वाद्याचा चेहरा उतरतो.

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर एव्हाना दुसराच बेंजो उभा राहिला असेल: लालबाग-परळच्या मिरवणुकीत ट्रॉलीवरच्या स्पीकरमधून कोळीगीतं वाजवणारा, रवी जाधव यांनी २०१६ साली ज्याच्यावर रितेश देशमुखला घेऊन हिंदी सिनेमा काढला तो. त्याचं या वाद्याशी नातं फक्त नावापुरतं. तो बुलबुलतरंग, त्याचं मूळ जपानात, १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ताइशोगोतोत. टाइपरायटरसारख्या बटणांनी डाव्या हाताने स्वर काढायचा आणि उजव्याने नखी फिरवत राहायची. तिथलं कसब डाव्या हाताचं. इथे डावा हात बराचसा मदतनीस आहे.

वरून खाली

गिटारसारख्या छेडायच्या वाद्यावर बोट बहुधा तारेखाली जाऊन ती उचलतं किंवा ओढतं. क्लॉहॅमरमधे बोट काही उचलतच नाही. पंजा अर्धवट मिटून आकड्यासारखा धरायचा आणि मनगटापासून सगळाच्या सगळा हात तारांवर पडू द्यायचा, दारावर टकटक करावी तसा. नखाची पाठ तारेवर आदळते, तो धुनेचा स्वर. हात पडतो तेव्हाच अंगठा पाचव्या तारेवर येऊन टेकलेला असतो. दुसऱ्यांदा हात पडतो तो दोन-तीन तारांवरून घासत, आणि हात उठताना अंगठा पाचवी तार सोडतो. टण्, झिं-ग. टण्, झिं-ग. एक लांब, दोन आखूड. अंगठा मुद्दाम काही वाजवत नाही. हात वर जातो म्हणून तार सुटते.

ट्रॅक्टरवाल्याने मला त्याचा बँजो मांडीवर दिला आणि डाव्या हाताने चारही तारा दाबून आवाज बंद करायला सांगितलं. फक्त उजवा. मला पहिला खटका बसला तो मनगटात: बोट सारखं आत वळून तार ओढायला बघतं. लहानपणी पेटी शिकले, त्यात बोटांनी आपापलं काम करायचं असतं. इथे बोटांना स्वतंत्र विचारच नाही. तो मधेमधे माझ्या मनगटाला एका बोटाने वर ढकलत राहिला. पाच-सात मिनिटांनी एकदाच, चुकून, तीनही आवाज आपापल्या जागी पडले आणि चामड्यावरून पोटात गेले. बँजो पोटाला लावून धरतात, हे तेव्हा कळलं.

याच्यावरची पायरी म्हणजे अंगठा खाली उतरवणं. पाचव्या तारेवरून अंगठा सरळ दुसऱ्या-तिसऱ्या तारेवर पडतो आणि धुनेतले मधले स्वर काढतो. हे जिथे पराकोटीला गेलं ते राउंड पीक माउंट एअरीपासून थोड्याच अंतरावर आहे. डोंगर म्हणून काही विशेष नाही, पण आसपासच्या शेतकऱ्यांनी फिडल आणि बँजो इतके एकमेकांत विणले, की जगभरातले शिकाऊ आज त्या डोंगराच्या नावाने शैली ओळखतात. टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) आयुष्यभर रस्ते बांधणीच्या खात्यात यंत्र चालवत होते. निवृत्तीनंतर त्यांच्या दारात देशोदेशीची पोरं येऊन राहू लागली. फ्रेड कॉकरहॅम आणि काइल क्रीड हे इथलेच. क्रीड सुतार, आणि बँजो बनवणारे. दांडीवर पडदे न ठेवता ते फॉर्मायका लावत, आपण स्वयंपाकघराच्या फर्निचरला सनमायका लावतो तोच प्रकार. त्या गुळगुळीत पृष्ठभागावर बोट घसरवून मींड काढता येते. बिनपडद्याचा बँजो वाजवणाऱ्याला मी विचारलं, स्वर चुकत नाही का. तो म्हणाला, चुकतो की, म्हणून तर फिडलशी जमतं.

कागदावरचा हात

हान्स स्लोन नावाचा डॉक्टर १६८७ ते १६८९ जमैकात होता. त्याने १७०७ साली छापलेल्या ग्रंथात गुलामांच्या वाद्यांचं चित्र आहे: भोपळ्याचं अंग, चामडं, लांब दांडी, खुंट्या. सुरीनाममधून १७७०च्या दशकात नेलेलं असंच एक वाद्य नेदरलँड्समधे लायडनच्या संग्रहालयात आहे. हाती राहिलेला सर्वांत जुना बँजो म्हणून ते ओळखलं जातं. थॉमस जेफरसननेही व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात हे वाद्य आफ्रिकेतून आल्याची नोंद केली आहे. त्याच्या स्वतःच्या मळ्यावर शेकडो गुलाम राबत होते, तेव्हा त्याने ते ऐकलं असणार हे उघड.

पण मला सगळ्यात जास्त वेळ अडकवून ठेवलं ते एका जलरंग चित्राने. साउथ कॅरोलायनातल्या जॉन रोझ नावाच्या मळेमालकाने १७८५ ते १७९०च्या सुमारास काढलेलं, आज विल्यम्सबर्गच्या लोककला संग्रहालयाच्या ताब्यात असलेलं. दूरवर मालकाचं घर, पुढे गुलाम माणसं. एकजण काठी घेऊन नाचतोय, आणि उजवीकडे बसलेला एकजण भोपळ्याचा बँजो वाजवतोय. चित्रकाराने दांडीच्या कडेला एक खुंटी काढली आहे. आखूड तार, अंगठ्याची. जोएल स्वीनी या गोऱ्या वादकाने बँजोला पाचवी तार जोडली ही गोष्ट इथे शंभर-दीडशे वर्षं सांगितली गेली. या चित्राच्या वेळी स्वीनीचा जन्मही झाला नव्हता. त्याच्या काळात कुठली तार वाढली असेलच, तर ती खर्जाची.

मग हालचालीचं काय? चित्रात हात थांबलेला असतो. हालचाल सापडली ती सेनेगल-गांबियाच्या भागात. तिथले जोला लोक भातशेतकरी. त्यांचं अकॉन्टिंग हे तीन तारांचं वाद्य: भोपळा, बकऱ्याचं कातडं, आरपार गेलेली काठी, आणि एक तार आखूड. दरबारी भाटांचं नाही, शेतातून आल्यावर ताडी पिताना वाजवायचं. डॅनियल जाट्टा हे गांबियाचे जोला अभ्यासक अमेरिकेत शिकायला आले असताना त्यांच्या कानावर बँजो पडला. त्यांचे वडील अकॉन्टिंग वाजवायचे. पुढे वर्षानुवर्षं गावोगाव हिंडून त्यांनी ते वाद्य नोंदवून घेतलं आणि या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बँजो-संशोधकांपुढे वाजवून दाखवलं. तर्जनीचं नख वरून खाली तारेवर, हात उठताना अंगठा आखूड तारेवर.

याच्यावर जाणकार लगेच ब्रेक लावतात, आणि तो बरोबर आहे. पश्चिम आफ्रिकेत अशी छेडायची कातडी वाद्यं डझनावारी आहेत. अकॉन्टिंग म्हणजे बँजोचा बाप असं म्हणता येत नाही. बँजो घडला कॅरिबियन बेटांवर, निरनिराळ्या भाषांची, निरनिराळ्या गावांची माणसं एका मळ्यावर कोंबली गेली तिथे. चपटी दांडी आणि वळवायच्या खुंट्या युरोपी वाद्यांवरून आल्या. तरीही मधला दुवा छापील सापडतो: १८५५ साली निघालेलं ब्रिग्जचं बँजो-शिक्षक हे पुस्तक. त्यात उजव्या हाताची जी रीत शिकवली आहे, ती हीच. नख खाली, अंगठा मागून.

काजळी

ब्रिग्जचं पुस्तक आलं कुठून, हा त्यातला अवघड भाग. स्वीनी व्हर्जिनियातल्या अॅपोमॅटॉक्सचा. तिथल्या काळ्या वादकांकडून तो शिकला आणि जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून रंगमंचावर गेला. १८४३ साली न्यूयॉर्कमधे चौघांच्या एका संचाने असाच पूर्ण कार्यक्रम केला, आणि मिन्स्ट्रेल शोचं पेव फुटलं: गोरे नट, काळी तोंडं, मोडकी बोली, हातात बँजो. दिवसभर खिदळणारा, आळशी, मळ्यावर सुखात असलेला गुलाम ही त्या खेळांची मुख्य भूमिका. पुढची अनेक दशकं अमेरिकेतली सर्वांत लोकप्रिय करमणूक ही होती. बाल्टिमोरच्या ढोल बनवणाऱ्या कारागिरांनी भोपळा टाकून लाकडी कडं आणलं, कारखाने निघाले, शिक्षक निघाले, ब्रिग्जचं पुस्तकही त्यातूनच निघालं. वाद्य देशभर गेलं ते या अपमानाच्या पाठीवर बसून.

काळ्या समाजाने ते हळूहळू खाली ठेवलं यात नवल नाही. टपालाने मिळणारी स्वस्त गिटार आली, ब्लूज आले. मग १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी बाजाराचे दोन कप्पे केले. काळ्यांसाठी ‘रेस रेकॉर्ड्‌स’, डोंगराळ गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’. बँजो-फिडल दुसऱ्या कप्प्यात पडलं. गावच्या नाचाला ते वाजवणारे काळे संच अजून होते, पण ते कुठल्याच कप्प्यात न बसल्याने त्यांच्या रेकॉर्ड फारशा झाल्या नाहीत. दोन पिढ्यांनी लोकांना खरंच वाटू लागलं, की बँजो हे गोऱ्या डोंगरी माणसाचं वाद्य.

माझ्या घरापासून थोड्या अंतरावरच्या कारबरोमधे एलिझाबेथ कॉटन वाढल्या. जन्म १८९३चा. भाऊ कामाला गेला की त्याचा बँजो गुपचूप घेऊन बसायच्या. त्या डावखुऱ्या, भावाच्या वाद्याच्या तारा बदलता येईनात म्हणून त्यांनी वाद्यच उलटं धरलं. त्यामुळे अंगठ्याची तार गेली तळाला, बोटांकडे, आणि अंगठा धुनेच्या तारांवर आला. या उलट्या हाताने त्यांनी पुढे गिटारही वाजवली आणि उतारवयात जगाला चकित केलं. गावात आता त्यांच्या नावाची सायकलवाट आहे.

तीन, तीन, दोन

तीन बोटांची कथा गिरण्यांमधली आहे. चार्ली पूल हा स्प्रे गावचा गिरणी कामगार. बेसबॉलचा चेंडू हातमोज्याशिवाय झेलायच्या फुशारकीत उजव्या हाताचं हाड मोडलं आणि बोटं कायमची वाकडी राहिली. त्या वाकड्या हाताने तो अंगठा आणि दोन बोटांनी तारा उचलून वाजवे. १९२५ साली निघालेली त्याची पहिली रेकॉर्ड लाखाच्या वर खपली. १९३१ साली, चाळिशीही न गाठता, दारूपायी गेला.

अर्ल स्क्रग्जही नॉर्थ कॅरोलायनाचेच, शेल्बीजवळच्या फ्लिंट हिलचे. जन्म १९२४. वडील बँजो वाजवायचे, ते अर्ल चार वर्षांचे असताना गेले. वाद्य घरात राहिलं. दहाव्या वर्षी भावाशी भांडून खोलीत जाऊन बसले असताना एक धून वाजवता वाजवता तीन बोटांचा डाव हाताला लागला, असं ते सांगत. भाऊ गिटार वाजवी. दोघं घराच्या एका कोपऱ्यावर धून सुरू करत, पाठमोरे होऊन विरुद्ध दिशांनी घराला वळसा घालत आणि समोरासमोर आले की लय जुळतेय का बघत. शेल्बीच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत आता त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे.

तो डाव असा. आठ मात्रा, बोटं तीन. अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी-मधलं, उरलेल्या दोनांत अंगठा-मधलं. तीन अधिक तीन अधिक दोन. बोटं न थांबता फिरत राहतात, पण जोर पडतो तो पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर, त्यामुळे सरळ आठाच्या चालीवर एक तिरकी चाल स्वार होते. धुनेचे स्वर या वाहत्या पाण्यात जिथे सापडतील तिथे ठेवायचे. ते दिसले पाहिजेत आणि प्रवाह तुटता कामा नये. क्लॉहॅमरमधे अंगठा पाचव्या तारेला बांधलेला होता. इथे तो सुटा झाला, पण दर चार-दोन स्वरांनी घरी येऊन जातोच. लय कोण जाणतो हे ब्लूग्रासच्या गोलात वेगाने ठरत नाही. वेग सगळ्यांना असतो. स्क्रग्ज यांच्या रेकॉर्ड ऐकताना लक्षात येतं, की प्रत्येक स्वर वेगळा, गोल, मोजून ठेवलेला आहे.

युद्धकाळात ते शेल्बीच्या सुताच्या गिरणीत कामाला होते. डिसेंबर १९४५मधे नॅशव्हिलला बिल मन्रोंच्या संचात गेले, आणि ज्याला आज ब्लूग्रास म्हणतात तो आवाज रेडिओवरून डोंगराडोंगरात पोचला. बघता बघता जुन्या रीतीने वाजवणारे मागे पडले. त्याच आवाजाने लहानपणी झपाटलेले न्यूयॉर्कचे बेला फ्लेक पुढे झाकिर हुसेन, एडगर मायर आणि राकेश चौरसिया यांच्यासोबत बसले. चौघांच्या २०२३च्या ‘अॅज वी स्पीक’ या अल्बमने पुढच्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळवलं. बँजोला आस नाही, बासरीला भरपूर. त्या जोडीत तबला दोघांमधला व्यवहार सांभाळतो.

आयर्लंडमधेही बँजो आहे, पण चार तारांचा, एका नखीने वाजवायचा, व्हायोलिनसारखा लावलेला. तिथे अंगठ्याची तारच नाही, म्हणून इथे तो विषय नाही.

सिनेमाने मात्र या वाद्याचं जे केलं ते सांगायलाच हवं. १९७२च्या ‘डिलिव्हरन्स’मधला पोर्चवरचा मुका वाटणारा पोरगा आणि गिटारवाला शहरी माणूस यांची जुगलबंदी जगभर गाजली. पोराला बँजो येत नव्हता. त्याच्या शर्टाच्या बाहीतून मागे लपलेल्या दुसऱ्या वादकाचा हात पुढे आला होता. आवाज तर तिसऱ्याचाच, न्यूयॉर्कच्या स्टुडिओतल्या वादकांचा. आणि धून शार्लटच्या आर्थर स्मिथ यांची, ज्यांना श्रेयासाठी कोर्टात जावं लागलं. ते जिंकले. डोंगरातली माणसं त्या सिनेमाचं नाव काढलं की अजून गप्प होतात.

मेबेनचे गुरुवार

कॅरीहून अर्ध्या-पाऊण तासावरचं मेबेन हायवेवरून जाताना दिसतं ते आउटलेट मॉलमुळे. याच गावात जो थॉम्पसन राहत. १९१८ साली जन्मलेले, काळे, फिडलवादक. मक्याच्या सोलणीला आणि गावच्या नाचाला त्यांच्या घरची माणसं पिढ्यान्पिढ्या वाजवत आलेली. बँजोवर चुलतभाऊ ओडेल. ते १९९४ साली गेले. घराण्यातलं पुढे कुणी हे घ्यायला तयार नव्हतं.

२००५मधे बून गावातल्या विद्यापीठात काळ्या बँजोवादकांचं संमेलन भरलं. तिथे भेटलेली तीन तरुण मुलं, रीअॅनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन, दर गुरुवारी संध्याकाळी जो थॉम्पसन यांच्या घरी जाऊ लागली. थॉम्पसन तेव्हा ऐंशीच्या पुढे. ते काही समजावून सांगत नसत. धून सुरू करत, आणि मुलांनी मागे यायचं. तिघांचा ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा संच झाला, त्यांच्या २०१०च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. गिडन्स ग्रीन्सबरोच्या, त्या वाजवतात तो बँजो एकोणिसाव्या शतकातल्या नमुन्यावर बेतलेला, बिनपडद्याचा, खर्जाकडे झुकलेला. काजळीच्या काळातलं वाद्य आणि काजळीच्या काळातल्या पुस्तकातली रीत त्यांनी मुद्दाम उचलली. ज्यांच्याकडून चोरलं त्यांची हालचाल चोराच्या वहीत शाबूत राहिली होती, तर ती वही टाकून देण्यात काय मतलब? मला हा फार रोखठोक निर्णय वाटतो.

२०२४ साली बियॉन्सेचं ‘टेक्सस होल्ड ’एम’ आलं, त्याच्या सुरुवातीचा बँजो गिडन्स यांचा. एप्रिल २०२५मधे त्यांनी डरहॅमला काळ्या संगीत-परंपरांचा तीन दिवसांचा महोत्सव भरवला, त्यात ड्रॉप्स पुन्हा एकत्र वाजले. थॉम्पसन २०१२ साली गेले होते. त्याच वर्षी स्क्रग्जही.

माउंट एअरीत पार्किंगपाशी एक आजोबा आणि त्यांची बारा-तेरा वर्षांची नात भेटली. आजोबा चाळीस वर्षं स्क्रग्जच्या रीतीने वाजवणारे. खिशात नख्या कायम. नातीने बियॉन्सेचं गाणं ऐकून बँजोचा हट्ट धरला. आजोबांना आभाळ ठेंगणं झालं, त्यांनी माळ्यावरून स्वतःचा जुना बँजो काढून दिला. तर पोरीला तीन बोटांचं नकोच, गाण्यात आहे तसं हवं, वरून खाली. घरात ते कुणालाच येत नाही. मग दर शनिवारी पन्नास मैल गाडी हाकत तिला शिकवणीला न्यायचं आणि तासभर बाहेर ट्रकमधे बसून राहायचं, असं चाललंय. शिकवणाऱ्या बाईंनी पहिला महिनाभर पोरीला डाव्या हाताने एकही तार दाबू दिलेली नाही, ही आजोबांची मुख्य तक्रार. आणि ट्रकमधे बसून ते स्वतः काय करतात असं विचारल्यावर नातीनेच उत्तर दिलं, की काच वर करून तेही तेच घोटत असतात, आणि त्यांचं मनगट अजून फार ताठ आहे.